भाकर म्हणता, पाव देता

रविवारपासून माझी बोटं काळी आहेत. साबण झाला, लिंबू झालं, चुलीतली राख झाली. तळहातावरचं गेलं, पण नखांच्या कडेला जी रेघ बसली आहे ती काही हलायला तयार नाही. येत्या रविवारी याच हातांनी वस्तीतल्या म्हाताऱ्यांना प्रभुभोजन द्यायचं आहे. कुणीतरी विचारल्याशिवाय राहणारच नाही, ‘हाताला काय झालं हो साहेब?’ त्यांना काय सांगायचं याचा विचार करत मी आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पायरीवर बसलो आहे.

समोर वस्ती रिकामी पडली आहे. सोमवारी सकाळी ऊसतोडीचे ट्रॅक्टर गेले. दसऱ्यापासून इथे दिवसभर एकच आवाज होता, दगडावर कोयता घासल्याचा. बाया चटणी कुटत होत्या, त्या खकाण्याने देवळात प्रार्थना म्हणताना मला शिंका यायच्या आणि पहिल्या रांगेतल्या पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. आता कोंबड्या आहेत, म्हातारी माणसं आहेत, त्यांच्यापाशी ठेवलेली लेकरं आहेत आणि मी आहे. दारांना कड्या, कड्यांना कुलपं. वारा पडला आहे म्हणून परळीच्या धुराड्यांचा धूर लांबवर सरळ वर चढताना दिसतो. चैत्रापर्यंत हे असंच राहणार. ऊस संपेपर्यंत माझी मंडळी परत येत नाही.

मी इथला नव्हे. पुण्यात वाढलो, तिथेच धर्मविद्यालयात शिकलो आणि गेल्या वर्षी जूनमध्ये सिरसाळ्याजवळच्या या वस्तीवर पाळक म्हणून आलो. एकटा जीव. घरात बाई असती तर पुढचं सगळं टळलं असतं असं मला अजून वाटतं, कारण बायका विचारतात. मी विचारलं नाही. विचारायला किती वेळ लागतो? ‘हे कोण?’ एवढे दोन शब्द. धर्मविद्यालयात पाच वर्षं घालवली, तीन भाषांतली शास्त्राची टिपणं काढली, आणि हे दोन शब्द मला सुचले नाहीत. कपाळ माझं!

शिकवण शुद्ध ठेवायची, हे वेड मात्र मी इथे घेऊन आलो होतो. चुकीचं काही कानावर पडलं की माझं तोंड सुरू. पहिल्याच प्रभुभोजनाला त्याचा प्रसाद सगुणाबाईंना मिळाला. त्या साठीपलीकडच्या, बोळक्या तोंडाच्या, वस्तीतल्या सगळ्यांत जुन्या ख्रिस्ती घरातल्या. आमच्या प्रार्थनेत ‘ही भाकर घ्या’ असं म्हणायचं असतं, आणि ताटात असतात सिरसाळ्याच्या बेकरीतल्या ब्रेडचे, कडा कापून केलेले चौकोनी तुकडे. उपासना संपल्यावर त्या म्हणाल्या, “भाकर म्हणता, आन् पाव देता व्हय साहेब?” झालं! मी त्यांना पायरीवर बसवून पाव तास समजावलं. गहू का, ज्वारी का नाही, परंपरा काय, मंडळीचा नियम काय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गुडघ्यावर हात टेकत उठल्या. “असंल, असंल. मला तरी दात कुठं हायेत? पावच बरा.”

शुद्ध शिकवणीला व्यवहाराची जोड हवी, हेही आम्हाला शिकवलं होतं. लोकांच्या बोलीत बोला, त्यांच्या कामातली उदाहरणं द्या. म्हणून मी कान टवकारून शब्द गोळा करत फिरायचो. पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. आणि कोयता म्हणजे नुसता कोयता नव्हे, कोयता म्हणजे जोडपं! मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकजण तोडणार, दुसरा मोळ्या बांधणार, दोघं मिळून एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्ध्या कोयत्याला कुणी गाडीत घेत नाही. हा शब्द सापडला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तो वहीत दोनदा अधोरेखित करून ठेवला.

इथे एक जुनी चाल आहे. निघायच्या आधीच्या रविवारी सगळी देवळात जमतात. पंच योहानराव वहीतून नावं वाचतात, एकेका कोयत्यासाठी प्रार्थना होते आणि मग प्रभुभोजन. गेल्या वर्षीच्या त्या रविवारी मी लग्नावर संदेश दिला. नवरा आणि बायको दोन राहत नाहीत, एक होतात, ही शिकवण. आणि तिला जोड म्हणून माझा वहीतला शब्द काढला. म्हणालो, “तुम्ही तर हे रोज म्हणता. नवरा-बायको म्हणजे एक कोयता!” माणसं खूश झाली. बाया एकमेकींना कोपरं मारून हसल्या. योहानराव मागच्या बाकावरून मोठ्याने म्हणाले, “आता कसं बोललात साहेब!” माझी छाती फुगली. मग मी आणखी पुढे गेलो. देवाने न जोडलेली दोन माणसं एका कोयत्यात राहत असतील तर त्यांनी या पंगतीला बसण्याआधी विचार करावा, असंही ठणकावलं.

मग योहानरावांनी वही उघडली. नावं वाचत वाचत ते म्हणाले, “शांतवन आन् सुमन, एक कोयता.”

सुमन सगुणाबाईंची सून. तिशीतली असेल. तिचा नवरा कावीळ होऊन गेला त्याला तीन वर्षं झाली होती, हे मला माहीत होतं. एक मुलगी, एक म्हातारी सासू, तिघींच्या पोटाचं ती एकटी बघायची. मी मान वर करून पाहिलं. दाराशी एक परका माणूस उभा होता. काळेभोर केस, काळ्याभोर मिशा, ताठ पाठ. उपासनेला आत येऊन बसलासुद्धा नव्हता. माझ्या डोक्यात सगळं पटापट जुळलं. विधवा बाई. कुठून तरी आलेला पुरुष. एक कोयता. आणि सगळी मंडळी गप्प, जणू काही घडलंच नाही. मला राग आला, तोही मोठा पवित्र राग.

आमच्याकडे प्रभुभोजनाला माणसं पुढे येतात, सतरंजीवर रांगेने गुडघे टेकतात. त्या रांगेला इथे पंगतच म्हणतात. सुमन दुसऱ्या पंगतीला बसली होती, ओंजळ पुढे करून. मी तिच्या आधीच्या बाईच्या हातावर तुकडा ठेवला, तिच्या नंतरच्या बाईच्या हातावर तुकडा ठेवला. मधली ओंजळ तशीच राहिली. तिने वर पाहिलं. मला वाटलं आता काही बोलेल, मग मी नंतर भेटायला सांगेन. तिने दाराकडे पाहिलं, एकदम पदर कपाळावर ओढला आणि उठून चपलांपाशी जाऊन बसली. दारातला तो माणूस तर पुढे आलाच नाही. पापी माणसाचा पाय पुढे पडत नाही, अशी मी मनात नोंदही केली. काय सांगू तुम्हाला माझ्या शहाणपणाचं!

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर गेले. त्यात ती दोघंही गेली.

नाताळ आला. ऊसतोडीच्या दिवसांतला नाताळ कसा असतो, ते इथे येऊन बघावं. बांबूला कागदी तारा टांगलेला, गायला बारा म्हातारे, आणि त्यातल्या सात जणांना चष्म्याशिवाय गीताचं पुस्तक दिसत नाही. फराळ वाटून झाला. सगुणाबाई बसूनच होत्या. सगळे गेल्यावर म्हणाल्या, “साहेब, एक इचारू? माझ्या सुनंला पंगतीतून कावून उठविलं तुमी?”

माझं उत्तर तयार होतं. म्हणालो, “मावशी, तो माणूस कोण, ते तुम्हीच सांगा.”

“कोंचा माणूस?”

“शांतवन.”

“आवं, त्यो मपला भाऊ हाय! पाठचा भाऊ. सुमनचा मामेसासरा.” त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी सूर्य कुठे उगवतो ते विचारलं. “माजलगावकडं असतो. त्याची बायकू वारली, सुमनचा नवरा वारला. दोघं अर्धे अर्धे. मुकादम घीना, म्हणून म्याच त्याला बोलवून घेतला. साठीच्या फुडं गेला बगा, पर म्हातारा दिसला तर मुकादम न्हेत न्हाई. मिशीला सुदीक काळी मेंदी लावून आलता बिचारा.”

पायाखालची सतरंजी कुणीतरी ओढली असं वाटलं. सून मामेसासऱ्यासमोर खाटेवर बसत नाही. त्याच्याशी समोरासमोर बोलत नाही. म्हणून तर तो दाराशी थांबला होता. सुनेबरोबर एका पंगतीला कसं बसायचं, म्हणून तिसऱ्या पंगतीची वाट बघत होता. म्हणून तर ती गप्प राहिली. तो तिथे उभा असताना असल्या गोष्टीचं ‘नाही’ म्हणायलासुद्धा तिला तोंड नव्हतं. वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक होतं ते पुण्याच्या विद्वानाला ठाऊक नव्हतं.

सगुणाबाई बोलतच होत्या. “आमच्या सासऱ्याला गावच्या लग्नात पंगतीला बसू देत नव्हते, साहेब. उकिरड्याच्या कडंला बसायचं, वरून वाढायचे. पाद्रीबाबानं पयल्यांदा शेजारी बसवून खाऊ घातलं, म्हणून ते ख्रिस्ती झाले. तवापस्नं आमच्या घरातलं कुणी पंगतीतून उठलं न्हाई. मंग पोरीचं चुकलं तरी काय?” मी फराळाची ताटं गोळा करायला लागलो. “दसऱ्याला शेजारच्या कलावतीनं दिलेलं खोबरं खाल्लं, त्याच्यामुळं का? देवीचा परसाद व्हता म्हणून?”

खरं कारण सांगायचं तर त्यांच्या सख्ख्या भावाचं नाव घ्यायचं. मी काहीच बोललो नाही, आणि त्यांनी तोच होकार समजला. पाळक झाल्यापासून माझ्या हातून झालेलं सर्वांत नीच काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी पंगतीचं नाव सांगणार नाही. ही नाताळची दुपार सांगेन.

त्याचं फळ संक्रांतीला दिसलं. कलावतीबाई म्हणजे शेजारची शेतकरीण. सुमन गेली की सगुणाबाईंच्या घरी रोज दोन घागरी पाणी तीच आणून ओतते. ती तिळगुळाचं ताट घेऊन आली, आणि सगुणाबाईंनी ते दारातूनच परत केलं. “पाळकसाहेबाला चालत न्हाई,” म्हणाल्या. वस्तीतल्या आणखी दोन-तीन घरांनी तसंच केलं. मी हे माझ्या खिडकीतून बघत होतो. कलावतीबाई ताटावर पदर घालून परत निघाली. तिची पाठ मला अजून दिसते.

मग मला घरात बसवेना. महिनाअखेरीस डब्यात ब्रेडचे तुकडे घेतले, द्राक्षारस म्हणून काळ्या मनुका भिजवून त्यांचं पाणी बाटलीत भरलं आणि एसटी धरली. मांजरसुंब्याला गाडी बदलायला दोन तास बसलो. ढाब्यावरचा पोरगा चहा देताना म्हणाला, “पाव्हणं, डब्यात काय हाय एवढं? मांडीवरून खाली ठिवायलाच तयार न्हाई.” मी म्हणालो, औषध आहे. कृष्णाकाठच्या त्या कारखान्याच्या हद्दीत पोचायला दुसरा दिवस उजाडला. उसाच्या फडात शिरलो तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती.

लांबूनच मला ती दोघं दिसली. शांतवनमामा पुढे तोडत होते, ती मागे मोळ्या बांधत होती. दोघांत दहा हातांचं अंतर. मामांना पाणी हवं होतं तर ते उसाकडे बघून म्हणाले, “पानी पायजे व्हतं.” तिने तांब्या मधल्या बांधावर ठेवला आणि पाठ फिरवून उभी राहिली. ते पाणी पिऊन मागे सरकले, मग ती पुढे आली. राहायला ती योहानरावांच्या बायकोच्या पाचटाच्या कोपीत आणि मामा गड्यांच्यात. ही दोघं एका कोयत्यात राहतात म्हणून मी देवाच्या नावाने ठणकावलं होतं. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मामा मोळ्या वाहायला गेले तेव्हा मी जवळ गेलो. तिच्या हातांवर पाचटाचे चरे होते, चेहऱ्यावर काळं. “सुमनताई, मला सगळं कळलं. माझी चूक झाली. माफ करा.”

“गाडी भरायचीय साहेब. बाजूला व्हा, वाढं लागंल.”

“मी प्रभुभोजन घेऊन आलोय. तुमच्यासाठी.”

तिने डब्याकडे पाहिलं. “हितं कोण बघायलंय? तितं समद्यांनी बघितलं.”

“मग मी तिथे सगळ्यांसमोर सांगतो. चुकलो म्हणून सांगतो.”

तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यासमोर नीट उभी राहिली. “चुकलो म्हणलात की लोक इचारत्याल, कशात चुकलात? मंग काय सांगशाल? मामाच्या कानावर गेलं तर मामा जीव देत्याल. तुमाला ठावं न्हाई ते. पुन्यांदा त्वांड उघडू नका.” आणि मोळी डोक्यावर घेता घेता म्हणाली, “माझं ऱ्हाऊ द्या. कलावती वैनीचं ताट परत गेलं म्हणं. ते आधी नीट करा. सासूला पानी कोन देतंय तिच्याबिगर?”

डबा घेऊन मी परत आलो. तुकडे वाटेत वाळून कडक झाले होते. आल्या दिवशी कलावतीबाईच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि तिळगुळ मागून खाल्ला. तिने आधी कमरेवर हात ठेवून मला न्याहाळलं, मग म्हणाली, “बाटलात की हो आता! घरी जाऊन चूळ भरताव का?” सगुणाबाईंना मी म्हटलं, खोबऱ्याचं काही नव्हतं, माझीच चूक होती. “कशाची?” मी म्हटलं, विचारू नका. त्यांनी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्या मला आपणहून हाक मारेनाशा झाल्या.

एप्रिलात मंडळी परत आली. पुनरुत्थानाच्या सणाला देऊळ गच्च भरलं. सुमनही आली आणि चपलांपाशी बसली. पंगती बसल्या, उठल्या. ती जागची हलली नाही. मी बाहेर तिला गाठलं आणि विनवलं. ती म्हणाली, “साहेब, तुमीच शिकवलंय, मनात अढी ठिवून ही भाकर खाऊ नये. मला तुमचा राग हाय. लई राग हाय. जाईना झालाय. राग पोटात ठिवून कशी खाऊ?” एवढं बोलून तिला रडू आलं आणि ती निघून गेली. माझी शिकवण तिने माझ्यापेक्षा खरी मानली होती. मी खोलीत येऊन दार लावलं आणि लहान मुलासारखा रडलो. एका माणसाला देवाच्या पंगतीतून उठवायला मला एक क्षण पुरला होता, आणि परत बसवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

पावसाळा गेला. मी संदेश द्यायचो, बाप्तिस्मे द्यायचो, आजाऱ्यांना परळीच्या दवाखान्यात न्यायचो. प्रत्येक वेळी ताट हातात घेतलं की नजर आधी चपलांकडे जायची.

या रविवारी पुन्हा तीच उपासना. मी लग्नावर बोललो नाही, कोयत्यावर बोललो नाही, कशावरच धड बोललो नाही. योहानरावांनी वही उघडली. “शांतवन आन् सुमन, एक कोयता.” मी दाराकडे पाहिलं आणि मला मामा ओळखूच आले नाहीत. डोकं पांढरं फटक. मिशा पांढऱ्या. दाढीचे खुंटसुद्धा पांढरे.

योहानराव हसत म्हणाले, “मामा, मेंदी इसरले का काय? मुकादम असलं पांढरं मुंडकं गाडीत घीत नसतो बगा!”

मामा म्हणाले, “इसरलो न्हाई. म्हातारा हाय तर म्हातारा दिसावा. कुनाचा घोटाळा व्हाया नको.”

माणसं हसली. मी हसलो नाही. मी हातातलं ताट टेबलावर ठेवलं. म्हणजे मामांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी दारातून माझा संदेश ऐकला होता, ती रिकामी ओंजळ पाहिली होती. आणि त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून सुमन वर्षभर जळत राहिली, मी वर्षभर मूग गिळून बसलो. ते मात्र एक अक्षर न बोलता, हातचं काम जाईल हे ठाऊक असून, केस पांढरे ठेवून आले. माझ्यासाठी. मला नीट दिसावं म्हणून.

सुमन त्या दिवशीही चपलांपाशीच राहिली. दुपारी मी सिरसाळ्याला गेलो आणि काळ्या मेंदीची दोन पाकिटं आणली. येताना वाटेत स्वतःशीच भांडत होतो. अरे, तू पाळक आहेस. खोटं वागू नका म्हणून दर रविवारी घसा फोडतोस, आणि मुकादमाला फसवायला मेंदी घेऊन निघालास? पण म्हाताऱ्याला मुकादमाने उतरवलं तर सुमन अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याच्या घरात एक मुलगी आणि एक म्हातारी. त्यांना चैत्रापर्यंत माझी शुद्ध शिकवण खायला घालू?

मामा सगुणाबाईंच्या अंगणात दगडावर बसले होते. मी पाकीट पुढे केलं.

“न्हाई,” ते म्हणाले.

“मामा, उद्या मुकादम नेणार नाही तुम्हाला.”

“न न्हेऊ द्या. ह्याच मेंदीनं गेल्या वर्सी तुमचे डोळे फसले ना?”

मी त्यांच्यासमोर मातीत बसलो. “मामा, मेंदीने नाही फसलो. माझं मनच घाण होतं. तुमच्या पाया पडतो, पण उद्या त्या पोरीला अर्धी ठेवू नका.”

त्यांनी गळ्यातला टॉवेल खांद्यांवर नीट पसरला. “लावा मंग,” म्हणाले. “तुमीच लावा.”

मी वाटीत मेंदी कालवली आणि लावायला बसलो. जुना दातांचा ब्रश होता, पण तो केसांत शिरेना, शेवटी बोटांनीच लावली. कपाळाच्या कडेने, कानांवरून, मानेवर. आयुष्यभर उन्हात तापलेली ती कवटी माझ्या तळहाताला कढत लागत होती. मिशी रंगवताना त्यांनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, “साहेब, आता पुन्यांदा घोटाळा न्हाई ना व्हायचा?” मी दुसऱ्या बाजूची मिशी लावायला घेतली. मागे पावलं वाजली. सुमन पाण्याची कळशी घेऊन उभी होती, पदर कपाळापर्यंत. तिने ती माझ्याजवळ ठेवली आणि हळूच म्हणाली, “कानामागं ऱ्हायलंय.” मी कानामागे लावलं.

सोमवारी उजाडताच ट्रॅक्टर आले. बोचकी, भांडी, शेळ्या, सगळं चढलं. मुकादमाने मामांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “एक कोयता,” तो म्हणाला आणि पुढे सरकला. माझा जीव भांड्यात पडला. ट्रॅक्टरवर गाणी लागली, इंजिनं धडधडायला लागली. मी सुमनच्या गाडीजवळ गेलो, नुसताच, हात हलवायला.

ती बोचक्यांवर बसली होती. तिने वाकून माझ्याकडे पाहिलं आणि ओंजळ पुढे केली.

“आनलंय का?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, ती प्रभुभोजन मागत होती. जानेवारीत मी तो डबा मांडीवर घेऊन दीड दिवसाचा प्रवास केला होता, आणि आज, घरापासून पन्नास पावलांवर, माझे दोन्ही हात रिकामे होते. ब्रेड नव्हता, मनुका भिजवलेल्या नव्हत्या. मी काळी बोटं उघडी करून तसाच उभा राहिलो.

तिने शेजारचं फडकं सोडलं. वाटेसाठी बांधलेल्या भाकऱ्या. त्यातली एक वर काढली, ज्वारीची, कडा करपलेली.

“भाकरी चालती का?”

एवढं सोपं विचारलं तिने. आणि माझ्या डोक्यात पाच वर्षांचं धर्मविद्यालय उभं राहिलं. गहू का, ज्वारी का नाही, प्याला कुठे आहे, नियम काय म्हणतो. किती वेळ गेला असेल? एक श्वास, फार तर दोन. मग मी म्हणालो, “चालते.” पण तोवर ड्रायव्हरने गिअर टाकला होता, गाण्याचा आवाज होता, इंजिनाचा होता, आणि माझं ‘चालते’ माझ्याच कानांना धड ऐकू आलं नाही. मी धावलो. ओरडलो, “चालते! चालते सुमनताई!” धुरळा नाकातोंडात गेला.

ती माझ्याकडे बघत राहिली, मग भाकरीकडे. बोचक्यांच्या पलीकडे बसलेल्या मामांनी, ज्यांनी तिच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं त्या मामांनी, तिच्या हातातून भाकरी घेतली, मधोमध मोडली, अर्धी तिच्या ओंजळीत ठेवली आणि अर्धी स्वतः घेतली. दोघांनी खाल्ली. माझ्या डोळ्यांतलं पाणी नि धुरळा यांच्या मधून मला एवढंच दिसलं. सिरसाळ्याच्या वळणावर ट्रॅक्टर दिसेनासा झाला.

ती न्याहारी होती की दुसरं काही, मला माहीत नाही. चैत्रात ती आल्यावर विचारेन. यावेळी विचारेन. आत्ता पायरीवर बसलोय आणि सगुणाबाई काठी टेकत इकडेच येताना दिसतात. कित्येक महिन्यांनी आपणहून येत आहेत. हातात झाकलेलं ताट आहे, कलावतीबाईच्या घरचं असावं. येऊन शेजारी टेकल्या, माझ्या बोटांकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. ताटावरचं फडकं काढलं. ज्वारीची भाकरी आणि लाल चटणी.

“सकाळधरनं काई खाल्लं का न्हाई साहेब?”

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे केली. मी हात पुढे केला, आणि तो काळा हात तसाच मधे थांबला. याच हाताने त्यांच्या सुनेची ओंजळ रिकामी ठेवली होती, माझी हिंमत होईना.